घरदुरुस्तीच्या वेबसाइटची दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत घरदुरुस्ती, इंटिरिअर आणि वॉटरप्रूफिंगची कामे घेणाऱ्यांची पत्रे पुष्कळ होती. वेबसाइट आहे, ती नव्याने करायची आहे किंवा नुकतीच केली आहे, आणि तरी फोन वाजत नाही, असा बहुतेकांचा सूर. त्यांतली सात पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही बाथरूम, किचन आणि पूर्ण फ्लॅटच्या नूतनीकरणाची कामे करतो. साइट जुनी झाली आहे. वरती पाच फोटोंचा सरकता स्लायडर, खाली ‘आमच्याविषयी’ आणि ‘आमचे ध्येय’. नव्या साइटसाठी एजन्सीने तीन डिझाइन दाखवली. तिन्ही सुंदर आहेत. कोणते निवडावे? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : आज एकही निवडू नका. रंग आणि मांडणी ठरवण्याआधी साइटवर येणाऱ्या माणसाला काय विचारायचे असते ते कागदावर यायला हवे, आणि ती माहिती तुमच्याच फोनमध्ये आहे. गेल्या तीन महिन्यांतली व्हॉट्सॲपची संभाषणे उघडा, साइट व्हिजिटला जाणाऱ्या सुपरवायझरला शेजारी बसवा आणि प्रत्येक ग्राहकाचा पहिला प्रश्न त्याच्याच शब्दांत एका शीटमध्ये उतरवा. पन्नास-साठ ओळी झाल्या की तेच ते प्रश्न पुन्हा दिसू लागतील. एकूण खर्च किती? दिवस किती? काम चालू असताना घरात राहता येईल का? खालच्या मजल्यावर गळतंय ते नक्की थांबेल का? सोसायटीची परवानगी कोण काढणार? आमच्या भागात येता का? आता एजन्सीला विचारा, की या प्रश्नांची उत्तरे तुमच्या डिझाइनमध्ये नेमकी कुठे बसतात. ज्यात ती बसत नाहीत ते डिझाइन कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवा.

मेनू कामाच्या नावांनी करा: बाथरूम, किचन, पूर्ण फ्लॅट, गळती आणि वॉटरप्रूफिंग, रंगकाम, झालेली कामे, खर्च, संपर्क. ‘सोल्युशन्स’ किंवा ‘एक्स्पर्टाइज’ अशा मथळ्याखाली आपले काम सापडेल असे गळतीने हैराण झालेल्या माणसाला वाटत नाही. स्लायडर काढून टाका. दुसरा-तिसरा फोटो येईपर्यंत कोणी थांबत नाही, पण पाचही फोटोंचा भार पान उघडताना मोबाइलवर पडतो. मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर एवढेच हवे: काय काम करता, कोणत्या भागात करता, तुमच्याच कामाचा एक खरा फोटो, आणि फोन किंवा चौकशीचे एक ठळक बटण.

खरी मेहनत प्रत्येक कामाच्या पानावर घ्या. बाथरूमचे पान घेऊ. ‘उत्तम दर्जा, वेळेत काम’ हे सगळेच लिहितात, त्याने काही कळत नाही. कामाचा क्रम लिहा: जुन्या टाइल्स आणि कोबा तोडणे, राबिट (तोडफोडीचा मलबा) गोण्यांत भरून खाली नेणे, भिंतीत नवी पाइपलाइन, टाइल्स लावण्याआधी पाइपांची प्रेशर टेस्ट, वॉटरप्रूफिंगचे थर, नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून किमान २४ आणि शक्य तर ४८ तास पाणी साठवून ठेवणे, खालच्या घरात जाऊन छत पाहणे, मग उतार काढून फरशी, सांधे भरणे, शेवटी नळ आणि कमोड. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतात ते तुमच्या नोंदीवरून लिहा. हे वाचलेला ग्राहक ‘आठ दिवसांत करून द्या’ म्हणत नाही, कारण साठवलेल्या पाण्याची चाचणी आणि थर वाळणे यांत दिवस जातात हे त्याला आधीच कळलेले असते. त्याच पानावर ‘या कामात काय धरलेले नाही’ हेही लिहा. गिझर, आरसा, दरवाजा, बाहेरच्या भिंतीतून येणारे पाणी. वाद इथेच होतात.

एजन्सीकडून आधी कृष्णधवल आराखडा मागा, फक्त चौकटी आणि खरा मजकूर. तो मोबाइलवर पाच जणांना द्या. त्यांतले निदान दोघे पन्नाशीच्या पुढचे असावेत आणि तुमच्या ऑफिसातले कोणी नसावे. त्यांना कामे सांगा: ‘नेरुळच्या १ बीएचकेमध्ये बाथरूम गळतंय, खर्च किती येईल ते शोधा.’ मग गप्प बसा. बोट कुठे अडते तेवढे लिहून घ्या. अशा चाचणीला पाच माणसे पुरतात हे वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० मध्ये मांडले. त्यामागे अट अशी की दोष दुरुस्त करून पुन्हा पाच जणांकडे जायचे. एकदाच वीस जणांना दाखवण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि जास्त उपयोगी ठरते.

प्रश्न : आमच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये १४ रकाने आहेत. लोक फॉर्म उघडतात, पण भरत नाहीत. शिवाय काही जण म्हणतात, ‘आम्ही भरला होता, तुम्ही फोनच केला नाही.’ आमच्याकडे मेल आलेलीच नसते. (नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. दुसरा जास्त गंभीर, म्हणून आधी तो.

साइटवरून येणारी मेल हरवण्याचे नेहमीचे कारण असे: फॉर्म पाठवताना ‘प्रेषक’ म्हणून ग्राहकाचाच जीमेल पत्ता टाकलेला असतो. मेल निघते तुमच्या सर्व्हरवरून आणि पत्ता असतो जीमेलचा. पलीकडची यंत्रणा ती बनावट समजून स्पॅममध्ये टाकते किंवा परत फिरवते. प्रेषक म्हणून तुमच्या स्वतःच्या डोमेनचा (साइटच्या नावाचा) पत्ता ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या तांत्रिक नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरी असल्याची ओळख पटवणाऱ्या तीन नोंदी आहेत का ते तपासून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक असण्याची अट प्रत्येक प्रेषकाला घातली आहे. होस्टिंगच्या साध्या मेल सुविधेऐवजी एसएमटीपीने, म्हणजे खऱ्या मेल खात्यात लॉगिन करून, मेल पाठवा. आणि मुख्य म्हणजे, चौकशी आधी डेटाबेसमध्ये जतन व्हावी, मेल त्यानंतर जावी. मेल हरवली तरी ग्राहक हरवत नाही. दर सोमवारी सकाळी कोणीतरी स्वतः एक फॉर्म भरून पाहायचा, हे काम एका माणसाच्या नावावर लावून द्या.

आता रकाने. नाव, मोबाइल, भाग, कामाचा प्रकार. हे चार पुरे. बजेट, चौरस फूट, इमारतीचे वय, पसंतीची शैली हे फोनवर विचारा. बजेटचा रकाना सक्तीचा असला की माणूस तिथेच थांबतो, कारण खर्च किती हेच तर त्याला तुमच्याकडून जाणून घ्यायचे असते.

मोबाइल नंबरच्या रकान्यात फार चुका सापडतात. कोणी आधी शून्य लावतो, कोणी अधिक ९१, कोणी मध्ये जागा सोडतो, आणि मराठी कीबोर्ड असलेला माणूस नंबर देवनागरी अंकांत टाकतो. हे सगळे स्वीकारून सर्व्हरवर त्यातून दहा अंक वेगळे करणे प्रोग्रामरला सहज जमते. ‘अवैध क्रमांक’ असे लाल अक्षरांत सांगून माणसाला परत पाठवू नका. पिनकोडचेही तसेच. नवी मुंबई म्हणजे ४०० ने सुरू होणारा पिन असे धरून केलेले फॉर्म आम्ही पाहिले आहेत. ते खारघरचा ४१०२१० आणि पनवेलचा ४१०२०६ नाकारतात. तुमचे ग्राहक तिथे असतील तर तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवत आहात.

रकान्याचे नाव रकान्याच्या वर लिहा. नुसते आत फिकट अक्षरांत असले तर टायपिंग सुरू होताच ते नाहीसे होते. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, नाहीतर आयफोनवर रकान्याला हात लावताच पान मोठे होऊन एका बाजूला सरकते. नंबरच्या रकान्यावर अंकांचाच कीबोर्ड उघडावा. चूक झाली तर सूचना त्याच रकान्याखाली यावी आणि आधी भरलेले पुसले जाऊ नये.

गळतीचा फोटो जोडायची सोय असेल तर ती ऐच्छिक ठेवा, आणि एक गोष्ट नक्की तपासा. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालणाऱ्या बहुतेक साइटवर एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी असते, तर आजच्या मोबाइलचा फोटो अनेकदा त्याहून मोठा निघतो. फोटो अडतो, फॉर्म काही न सांगता रिकामा होतो आणि ग्राहकाला वाटते की गेला. मर्यादा वाढवा आणि फोटो पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच लहान करून घ्या.

फॉर्म गेल्यावर वेगळ्या पत्त्याचे आभाराचे पान उघडावे. त्यावर ‘उद्या दुपारी २ पर्यंत फोन करू’ असे ठोस लिहा. पत्ता वेगळा असला की किती चौकश्या आल्या हे मोजताही येते. फॉर्मखाली नंबर कशासाठी वापरणार ते एका वाक्यात सांगा आणि संमतीची खूण आधीच करून ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट आणि स्वतःहून दिलेली असावी असे म्हटले आहे. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यायचा आहे. मराठी त्यात आहेच.

प्रश्न : आमच्या गॅलरीत तीनशेच्या वर फोटो आहेत, सगळे चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले. मोबाइलवर पान उघडायला फार वेळ लागतो. फोटोंचा दर्जा कमी करावा लागेल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : दर्जा नाही, आकार कमी करायचा आहे. कॅमेऱ्यातून आलेला सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर कोणालाच तेवढा दिसत नाही, पण उतरतो पूर्ण. प्रत्येक फोटोच्या ४८०, ८०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या तीन प्रती वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फाइल-स्वरूपात तयार करा आणि पडद्याप्रमाणे योग्य ती प्रत निवडण्याचे काम ब्राउझरवर सोडा. मोठी प्रत बहुधा २०० केबीच्या आसपास बसते. प्रत्येक फोटोची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहून ठेवा. ती नसली की फोटो उतरताना मजकूर खाली ढकलला जातो आणि माणूस दाबायला जातो एक बटण, दाबले जाते दुसरेच.

खाली असलेले फोटो तिथे पोचल्यावरच उतरावेत ही सोय चांगली. पण ती पहिल्या मोठ्या फोटोलाही लावायची, ही चूक फार ठिकाणी दिसते. मग जो फोटो सर्वांत आधी दिसायचा तोच उशिरा येतो. वरच्या फोटोला ती सोय लावू नका.

मोजमापासाठी गूगलचे पेजस्पीड इनसाइट्स मोफत आहे. तीन आकडे पाहा. पानाचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यापासून प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, आणि मजकूर हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत असावा. शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत तरी एवढे जमले पाहिजे. दुसरा निकष, म्हणजे आयएनपी, मार्च २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे त्याआधीच्या अहवालावर विसंबू नका. ऑफिसच्या वायफायवर आणि नव्या फोनवर तपासून समाधान मानू नका. साधा अँड्रॉइड फोन आणि मोबाइल डेटा घेऊन स्टेशनच्या गर्दीत उभे राहून साइट उघडा. ग्राहक तशीच उघडतो.

पण तीनशे फोटो ठेवायचेच कशाला? बारा-पंधरा कामे निवडा, प्रत्येकाचे आठ-दहा फोटो. कामाखाली लिहा: भाग, १ की २ बीएचके, कार्पेट क्षेत्रफळ, काय काय केले, किती दिवस लागले, खर्च कोणत्या टप्प्यात बसला. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून घेतलेला हवा, नाहीतर तुलना होत नाही. आणि कामाच्या मधले फोटो जरूर टाका: उघडी पाइपलाइन, वॉटरप्रूफिंगचा थर, साठवलेले पाणी. टाइल्स बसल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, म्हणून तेच दाखवणारी फर्म विश्वासाची वाटते. संगणकावर बनवलेल्या चित्राखाली ‘थ्रीडी चित्र’ असे स्पष्ट लिहा. ते झालेले काम म्हणून खपवणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

फोटो टाकण्याआधी घरमालकाची लेखी परवानगी घ्या. मोबाइलच्या फोटोत स्थळाची नोंद दडलेली असू शकते, ती काढून टाका. दारावरची पाटी, घरातल्या मुलांचे फोटो, तिजोरी असलेले कपाट फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

प्रश्न : साइटवर दर लिहावेत का? लिहिले तर स्पर्धक पाहतात, आणि ग्राहक नंतर त्याच आकड्याला धरून बसतो. (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : लिहावेत, पण टप्प्यात आणि अटींसह. स्पर्धकाला तुमचे दर एका फोनवर कळतात. ग्राहक मात्र आकडा न दिसल्याने निघून जातो, आणि तो गेल्याचे तुम्हाला कळतही नाही.

आकड्यासोबत तो कशाचा हे लिहा. किचनचे पान असेल तर ओटा किती रनिंग फूट धरला, खालची कपाटे फक्त की वरचीही, प्लाय आयएस ७१० म्हणजे मरीन ग्रेडचा की आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा, जाडी १८ मिमी की कमी, लॅमिनेट १ मिमीचे की ०.८ चे, बिजागऱ्या सॉफ्ट-क्लोज आहेत का. जुना ओटा तोडणे आणि प्लंबिंगची जागा बदलणे यात आहे की वेगळे. १८ टक्के जीएसटी आत की बाहेर. एवढे लिहिल्यावर तुमचा आकडा शेजारच्या स्वस्त आकड्यापेक्षा मोठा का आहे ते वाचणाऱ्याला आपोआप कळते. टप्पा फार रुंदही नको. ‘दोन ते सहा लाख’ याला काही अर्थ उरत नाही. त्यापेक्षा साधे, मध्यम आणि वरचे असे तीन टप्पे करा.

क्षेत्रफळ विचाराल तेव्हा कार्पेटच विचारा आणि शेजारी लिहा, ‘भिंतींच्या आतली वापरायची जागा’. अनेकांना विक्रीच्या वेळचा सुपर बिल्ट-अप आकडाच पाठ असतो. तो टाकला की फरशी आणि रंगाचा अंदाज भलताच फुगतो.

खर्चाचे कॅल्क्युलेटर करणार असाल तर चार प्रश्नांत संपवा आणि उत्तर आधी दाखवा, नंबर नंतर मागा. उत्तरासाठी नंबरची सक्ती केली की खोटे नंबर गोळा होतात आणि तुमचा माणूस दिवसभर ते फिरवत बसतो. रक्कम आपल्या पद्धतीने दाखवा: २,७५,०००. परदेशी साच्यातली २७५,००० अशी मांडणी राहून गेलेली साइट परकी वाटते. दराखाली महिना आणि वर्ष लिहा. दर तीन महिन्यांनी ते पाहायची जबाबदारी कोणाची हे ठरवा.

‘खर्च कशाने वाढतो’ असा एक भाग जरूर असू द्या. वाशी, नेरुळ, बेलापूरच्या जुन्या इमारतींत गंजलेले लोखंडी पाइप भिंतीतून काढावे लागतात. जिथे बाथरूमचा स्लॅब खाली दबवलेला नाही तिथे सांडपाण्याचा पाइप खालच्या घराच्या छताला लटकलेला असतो, म्हणजे काम खालच्यांच्या संमतीशिवाय होतच नाही. हे आधी वाचलेला ग्राहक नंतर ‘तुम्ही बोलला नव्हता’ असे म्हणत नाही.

परवानगीचे पान वेगळे करा आणि महापालिका गृहीत धरू नका. ठाणे शहराची महापालिका वेगळी, वाशी-नेरुळची नवी मुंबईची, आणि खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतात. टाइल्स, रंग, कपाटे यांना सोसायटीची एनओसी लागते. भिंत पाडणे, बाल्कनी बंद करणे अशा बदलांना महापालिकेची परवानगी पाहावी लागते. बीम-कॉलमला हात लावायचा नाही. अनामत रक्कम, कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि राबिट कुठे टाकायचे याचे नियम सोसायटीगणिक बदलतात, म्हणून तिथे ‘तुमच्या सोसायटीकडून हे आठ मुद्दे विचारून घ्या’ अशी छापता येणारी यादी द्या. हे पान लोक एकमेकांना पाठवतात.

प्रश्न : एका क्लायंटसाठी साइटची मराठी आवृत्ती करतो आहे. मथळ्यांतल्या वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जातात, बटणांतली अक्षरे बाहेर येतात. काय करावे? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : इंग्रजी मथळ्यासाठी ठेवलेली १.१ किंवा १.२ ओळ-उंची देवनागरीला पुरत नाही. मजकुराला १.६ ते १.७ आणि मथळ्याला निदान १.४ ठेवा. मथळ्याच्या चौकटीला ठरावीक उंची आणि बाहेरचे लपवण्याची सूचना असेल तर ती काढा, मात्रा बहुधा तिथेच कापली जाते. अक्षरांतले अंतर वाढवण्याची सूचना मराठीला अजिबात लावू नका, शिरोरेषा तुटते. बटणांना ठरावीक रुंदीऐवजी आतून मोकळी जागा द्या.

नोटो सान्स देवनागरी किंवा एक टाइपचा मुक्त हे दोन्ही फॉन्ट मोफत आणि भरवशाचे आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, म्हणून दोनच वजने (साधे आणि ठळक) घ्या. ठळक वजन न घेता ब्राउझरला ठळक करायला लावले तर ‘क्ष’, ‘ष्ट’ यांची पोकळी भरून जाते. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवा. पुष्कळ फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात, शिवाय पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सोयीला योग्य उच्चार सापडतो. मजकूर १७-१८ पिक्सेल ठेवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे हल्ली सर्रास दिसतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत ४.५ ला १ एवढा फरक हवा, आणि घराचा निर्णय घेणाऱ्यांत चष्मेवाले बरेच असतात.

मराठी पानांचे पत्ते वेगळे असू द्या. भाषा बदलल्यावर माणूस त्याच पानावर राहिला पाहिजे, पहिल्या पानावर फेकला जाता कामा नये. आणि मजकूर यंत्राने भाषांतरित करून टाकू नका. मराठी बोलणाऱ्या सुपरवायझरला काम समजावून सांगायला लावा, ते टिपून घ्या आणि त्यावरून लिहा.

प्रश्न : नवी साइट सुरू झाली आणि महिनाभरात गूगलवरून येणारे लोक निम्म्यावर आले. एजन्सी म्हणते, ‘थांबा, वाढतील.’ थांबावे का? (खारघर, नवी मुंबई)

उत्तर : थांबू नका, आजच तपासा. क्रमही महत्त्वाचा आहे.

पहिले, साइट बनत असताना गूगलने ती पाहू नये म्हणून घातलेली ‘नोइंडेक्स’ची सूचना तशीच राहिली आहे का? वर्डप्रेसवर ही एक खूण असते आणि ती काढायची राहून जाते. शोधयंत्रांनी काय पाहावे ते सांगणाऱ्या रोबोट्सच्या फाइलमध्येही सगळी साइट बंद नाही ना ते पाहा. दुसरे, मोजणीचा कोड नव्या पानांवर आहे का? तो काही पानांवर नसेल तर माणसे कमी झालेलीच नाहीत, मोजली जात नाहीत. सर्च कन्सोल, म्हणजे साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारे गूगलचे साधन, त्यातले क्लिक आणि अॅनालिटिक्समधल्या भेटी शेजारी ठेवल्या की हे लगेच कळते.

तिसरे कारण बहुधा हेच असते: पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१, दिलेच नाही. जुन्या पत्त्यांची यादी सर्च कन्सोलमधून, जुन्या साइटमॅपमधून (साइटच्या पानांच्या यादीतून) किंवा बॅकअपमधून काढा. एका शीटमध्ये डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच विषयाचा नवा पत्ता लिहा आणि प्रत्येकाला वळण द्या. सगळे जुने पत्ते पहिल्या पानाकडे वळवणे चालत नाही. गूगल अशा वळणाला ‘पान नाही’ असेच समजू शकते, आणि गळतीची माहिती शोधत आलेल्या माणसालाही ते निरुपयोगी आहे. ही वळणे निदान वर्षभर राहू द्या. नवा साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये भरा.

चौथे, मजकूर. नवे डिझाइन मोकळे दिसावे म्हणून जुन्या पानांवरचे परिच्छेद गाळले असतील तर ज्या शब्दांवरून लोक येत होते तेच गेले. तो मजकूर बॅकअपमधून परत आणा. मोबाइलवर लपवला आणि संगणकावर ठेवला असेही करू नका, गूगल मोबाइलची आवृत्ती पाहून क्रम लावते. गूगल बिझनेस प्रोफाइलवर जुनाच पत्ता, जुनाच फोन आणि बंद झालेली लिंक राहिली असेल तर तीही दुरुस्त करा.

हे सगळे नीट असेल तर काही आठवडे चढउतार होणे स्वाभाविक आहे. नसेल, तर नुसते थांबून काहीही वाढणार नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपचे बटण, चॅटबॉट आणि ‘१० टक्के सूट’चा पॉप-अप, तिन्ही ठेवावेत का? आणि साइटचे डोमेन व पासवर्ड एजन्सीकडेच आहेत, हे बरोबर आहे का? (वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : व्हॉट्सॲप ठेवा, बाकी दोन काढा. ठरावीक पाच उत्तरे देणाऱ्या बॉटला ‘माझ्या छताला ओल आलीय’ हे समजत नाही, आणि पान उघडताच पडदा झाकणारा पॉप-अप माणसाला वाचूच देत नाही. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबर ९१ ने सुरू करा, अधिकचे चिन्ह आणि शून्य न लावता. लावले तर अनेकदा लिंक उघडते, पण संभाषण सुरू होत नाही. आधीच भरलेल्या संदेशात पानाचे नाव येऊ द्या, ‘बाथरूम वॉटरप्रूफिंगबद्दल विचारायचे आहे’, म्हणजे उत्तर देणाऱ्याला विषय कळतो. फोन आणि व्हॉट्सॲपची तळाशी चिकटलेली पट्टी फॉर्मचे ‘पाठवा’ बटण झाकत नाही ना, हे कीबोर्ड उघडून पाहा. बटणाची उंची निदान ४८ पिक्सेल ठेवा. सिमेंट लागलेला अंगठाही त्यावर नीट बसला पाहिजे, कारण तुमचे कारागीर आणि सुपरवायझरसुद्धा हीच साइट ग्राहकाला दाखवतात.

डोमेनचे म्हणाल तर ते बरोबर नाही. डोमेनची नोंदणी तुमच्या फर्मच्या नावावर, तुमच्या मेलवर आणि तुमच्या मोबाइलवर हवी, आणि नूतनीकरणाचे पैसे तुमच्या खात्यातून जावेत. होस्टिंग, सर्च कन्सोल, अॅनालिटिक्स आणि गूगल बिझनेस प्रोफाइल यांचे मालक तुम्ही, एजन्सीला फक्त काम करण्याची मुभा. नव्या कामाच्या वर्क ऑर्डरमध्येच हे लिहून घ्या. सोबत चार गोष्टी आणखी: जुन्या-नव्या पत्त्यांची ३०१ यादी काम सोपवण्याआधी द्यावी, फोटो आणि मजकुराचा पूर्ण बॅकअप द्यावा, साध्या अँड्रॉइड फोनवरचा वेगाचा अहवाल जोडावा, आणि शेवटचा हप्ता फॉर्मवरून आलेली चाचणीची चौकशी तुमच्या हातात पडल्यावरच मिळेल. डोमेनची मुदत कधी संपते ते आजच पाहा. ती जवळ आली असेल तर डिझाइनचे बोलणे पुढे ढकला, आधी डोमेन आपल्या नावावर करून घ्या.